खायची नव्हेत, प्यायची सफरचंदं

ऑक्टोबरात इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या सायडरवाल्याच्या बागेत नवखा पाहुणा शिरला, की गवतात पडलेलं एखादं गर्द लाल सफरचंद उचलून, बाहीला पुसून त्याचा चावा घेतल्याशिवाय त्याला राहवत नाही. पुढच्या क्षणी जीभ कोरडी पडते आणि कच्ची सुपारी चघळावी तसा तुरटपणा हिरड्यांना धरून बसतो. सफरचंद खराब नसतं. ते खाण्यासाठी लावलेलंच नसतं.

सायडर म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस. त्याला नुसता गोडवा पुरत नाही. साखरेपासून मद्यार्क होतो, आम्लामुळे चव तरतरीत राहते, पण पेयाला अंग येतं ते तुरटपणा देणाऱ्या टॅनिनमुळे. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या आरंभी आम्ल आणि टॅनिन यांच्या प्रमाणावरून सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले गेले: गोड, आंबट, गोड-तुरट आणि आंबट-तुरट. किंग्स्टन ब्लॅक हे वाण चौथ्या गटातलं. त्यात आंबट आणि तुरट दोन्ही इतकं जुळून आलेलं असतं, की दुसऱ्या वाणाची भर न घालताही उत्तम सायडर बनतो. एरवी वाणांचं मिश्रण करावं लागतं, आणि खरं कसब तिथेच लागतं.

ब्रिस्टलहून गाडीने दक्षिणेला निघालं, की तासाभरात सायडरची गावं लागतात. मधे सॉमरसेट लेव्हल्सचा सपाट, पाणथळ प्रदेश आहे. चर खणून शतकानुशतकं कोरडी केलेली जमीन, कुरणं आणि जरा उंचवटा दिसला की तिथे बाग. इथली वाणंसुद्धा बरीचशी इथलीच. आज सायडरच्या बागांत सर्रास दिसणारं डॅबिनेट मिडल लॅम्ब्रुक गावच्या एका कुंपणात आपोआप उगवलं होतं. यार्लिंग्टन मिल हे वाण यार्लिंग्टनच्या पाणचक्कीजवळ भिंतीतून डोकावणाऱ्या रोपापासून आलं. सफरचंदाची बी पेरली तर आईसारखं फळ येत नाही, कलमच करावं लागतं. म्हणजे कुंपणातलं ते रोप कुणी वेळीच ओळखलं नसतं, तर आज ते वाण जगात कुठेच नसतं.

गाळपाचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. फळं सहसा तोडत नाहीत. झाडं हलवून पाडतात आणि जमिनीवरून गोळा करतात. गोव्यात काजूची बोंडंही अशीच गळून पडलेली वेचतात. फेणीसाठी ती तुडवून त्यांचा ढीग वेलीने बांधतात, वर दगड ठेवतात आणि निथळणारा नीरो गोळा करतात. सॉमरसेटचं जुनं दाबयंत्र पाहताना गोव्याच्या वाचकाला हे आठवेलच.

ते यंत्र चालताना पाहणं हाच या सहलीचा गाभा. आधी फळं धुऊन गिरणीत त्यांचा लगदा करतात. दाबयंत्राच्या पाटावर जाडं कापड अंथरून त्यावर लगदा पसरतात आणि कापडाची चारही टोकं आत दुमडतात. त्यावर लाकडी पट्ट्यांची जाळी, पुन्हा कापड, पुन्हा लगदा. असा थरावर थर चढलेल्या चौकोनी ढिगाऱ्याला इथे ‘चीज’ म्हणतात. पूर्वी कापडाऐवजी गव्हाचं काड वापरत. गंमत अशी, की स्क्रू फिरवण्याआधीच ढिगाऱ्याच्या नुसत्या वजनाने कडांमधून तपकिरी रस झिरपू लागतो. दाब चढला की धार लागते. उरलेला कोरडा चोथा बहुधा गुरांपुढे जातो.

पारंपरिक पद्धतीत यीस्ट बाहेरून घालत नाहीत. फळांवर आणि जुन्या लाकडात वस्तीला असलेल्या यीस्टवरच काम होतं. थंडीत ते संथ चालतं आणि वसंतात सायडर पिण्याजोगा होतो. ब्रिटनच्या कायद्याने ‘सायडर’ म्हणवून घ्यायला ३५ टक्के रस पुरतो. त्यामुळे कारखान्यातल्या बाटलीत पाणी आणि साखरही असते. शेतावरच्या पिपात बहुतेक वेळा रसच असतो. हा फरक एका घोटात कळतो.

वेडमोरजवळच्या मज्ली गावात विल्किन्स यांचं शेत आहे. तिथल्या पिपांत एक कोरडा सायडर असतो आणि एक गोड. पाहुण्याने आपल्या आवडीप्रमाणे दोन्ही मिसळून घ्यायचे आणि घरी न्यायला प्लॅस्टिकचा कॅन भरून घ्यायचा.

हे पेय एकेकाळी मजुरीचा भाग होतं. शेतमजुरांना पगाराचा काही हिस्सा सायडरच्या रूपात मिळे. १८८७च्या कायद्याने ती पद्धत बंद झाली. पुढे १९७६मध्ये सायडरवर पुन्हा कर लागला, तेव्हा छोट्या उत्पादकांना सूट मिळाली: वर्षाला ७,००० लिटरपर्यंत कर नाही. अनेक शेतांवरचं दाबयंत्र या एका तरतुदीमुळे टिकलं आहे, आणि यंत्राबरोबर बागाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या पारंपरिक फळबागांपैकी ८१ टक्के १९००पासून नाहीशा झाल्या, असं नॅशनल ट्रस्टने २०२२मध्ये सांगितलं. पोकळ झालेल्या जुन्या खोडांत दुर्मीळ भुंगे राहतात, घुबडं घरटी करतात. अशा झाडांच्या तुरट फळांना सायडरवाल्याखेरीज गिऱ्हाईक नाही. म्हणून शेतावर जाऊन, हातात पैसे देऊन विकत घेतलेल्या एका कॅनचं मोल सुपरमार्केटच्या चार बाटल्यांपेक्षा जास्त आहे.

दिवसाचा शेवट किंग्जबरी एपिस्कोपीजवळच्या बरो हिलवर करावा. टेकडीच्या पायथ्याशी बागा आहेत आणि सायडरची ब्रँडी काढणारी भट्टीही. तिला १९८९मध्ये परवाना मिळाला. २०११मध्ये सॉमरसेट सायडर ब्रँडीला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. ओकच्या पिपात मुरलेली ही ब्रँडी वर्षांनुसार चाखायला मिळते.

गावागावांतून बस फारशा नाहीत. तेव्हा गाडी चालवणाऱ्याने न पिण्याचं आधीच ठरवावं. शेतावरचा सायडर सहा-सात टक्क्यांचा असतो आणि गोडसर चवीमुळे ते लक्षात येत नाही. फुलोरा पाहायचा तर मे महिना बरा. कारहॅम्प्टन गावचा वॉसेल हा बागेतला विधी मात्र १७ जानेवारीच्या रात्री असतो. तेव्हा सायडरमध्ये बुडवलेला पाव झाडाच्या फांद्यांत ठेवतात, गाणी म्हणतात आणि पुढचं पीक चांगलं यावं म्हणून फांद्यांमधून आकाशात बंदुकीचे बार काढतात.