करपल्लवी आणि परवलीचा शब्द

गुरांच्या बाजारांतील एक जुनी चाल पुष्कळांनीं पाहिली किंवा वडील मंडळींकडून ऐकिली असेल. बैलाचा सौदा चालू असतां दोघे व्यवहार करणारे एकमेकांचा हात हातांत घेत, वरून रुमाल टाकीत, आणि त्याखालीं बोटें दाबून भाव सांगत. भोंवतीं माणसांचा गराडा असला तरी किंमत त्या दोघांवांचून तिसऱ्यास कळत नसे. हाताच्या खुणांनीं बोलण्यास आपल्या भाषेंत करपल्लवी असें सुरेख नांव आहे. हीच करपल्लवी आतां यंत्राचें कुलूप उघडण्याच्या कामीं लावण्याचे प्रयत्न चालू आहेत. ते कसे, व त्यांत लाभ आणि धोका कोणता, हें येथें थोडक्यांत पाहूं.

फौजेच्या छावणींत पहारेकरी आल्या-गेल्यास परवलीचा शब्द विचारी. एकच संगणक अनेकांनीं वांटून वापरण्याची रीत १९६० नंतर अमेरिकेंत सुरू झाली, तेव्हां प्रत्येकाचे कागद निराळे राहावे म्हणून हीच युक्ति तेथें आली. आज बँकेपासून शाळेपर्यंत सर्वत्र ती रूढ आहे, आणि शब्द टंकण्यास अक्षरांच्या कळा समोर असल्यामुळें कांहीं अडत नाहीं.

परंतु आभासी वास्तवाच्या, म्हणजेच व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीच्या, जगांत ही सोय नाहीं. या विद्येचा आरंभ जुना आहे. १९६८ सालीं आयव्हान सदरलँड यांनीं डोक्यावर चढविण्याचें असें एक यंत्र दाखविलें. तें इतकें जड होतें कीं, छतापासून टांगून त्याचा भार पेलावा लागे. हल्लींचा हेडसेट मोठ्या चष्म्याएवढा असतो. तो डोळ्यांवर चढविला कीं खोली दिसेनाशी होऊन संगणकानें रचलेलें दृश्य भोंवतीं उभें राहतें. तेथें परवलीचा शब्द द्यावयाचा तर हवेंत तरंगणाऱ्या अक्षरांवर एकेक करून बोट रोखावें लागतें. काम कंटाळवाणें तर खरेंच; पण त्याहून वाईट हें कीं, जवळ उभा असलेला मनुष्य त्या हाताकडे खुशाल पाहूं शकतो, आणि हेडसेट घातलेल्यास त्याची दादही नसते. येथेंही रुमाल आहे; पण तो हातांवर नसून डोळ्यांवर आहे!

म्हणून कल्पना निघाली ती अशी, कीं शब्दाऐवजीं हाताची ठरीव खूणच परवली समजावी. हेडसेटवरील कॅमेरे हाताचीं चित्रें एकसारखीं टिपतात. संगणक त्यांतून बोटांचीं टोकें, सांधे, तळवा व मनगट हुडकतो. या कामीं प्रचलित असलेल्या एका नियमावलींत प्रत्येक हाताचे २६ बिंदु धरले आहेत. ते बिंदु कोणत्या क्रमानें कोठून कोठें गेले याची नोंद साठविलेल्या नमुन्याशीं ताडून पाहिली जाते.

अशा खुणा किती होतील? एक बोट उघडें किंवा मिटलेलें, असे दोनच प्रकार धरले तरी पांच बोटांच्या ३२ मुद्रा होतात. चार मुद्रा एकामागून एक केल्या तर १०,४८,५७६ प्रकार संभवतात. सहा आंकड्यांच्या पिनचे प्रकार १०,००,०००. म्हणजे केवळ चार मुद्रांत तेवढेंच बळ आलें, असें वाटेल. पण वाचकांनीं एक प्रयोग करून पाहावा. तळवा मेजावर पालथा ठेवून मधलें बोट आंत दुमडावें, आणि अनामिका वर उचलावी. बहुतेकांस ती मुळींच उचलवत नाहीं; कारण बोटें ताठ करणाऱ्या स्नायूंचे बंध हाताच्या पाठीवर एकमेकांस जोडलेले असतात. त्यामुळें कागदावरच्या कित्येक मुद्रा हाताला साधतच नाहींत. उरलेल्यांतूनही मनुष्य मूठ, उघडा पंजा, दोन बोटें अशा सोप्या खुणाच निवडतो, आणि त्या दुसऱ्याससुद्धां चटकन् सुचतात.

तथापि खुणेंत दुसरें एक रहस्य दडलेलें आहे. तें म्हणजे खूण करण्याची ढब. तारायंत्राच्या काळीं मुरलेला तारमास्तर नुसत्या ठोक्यांच्या लकबीवरून पलीकडे कोण बसला आहे हें ओळखीत असे. त्याचप्रमाणें हाताचा वेग, बोटांची लांबी, मनगटाचा कल हीं प्रत्येकाचीं निराळीं असतात. पाहणाऱ्यानें खूण चोरली तरी ढब उचलणें कठीण. मात्र आपली सही जशी दोन वेळां तंतोतंत एक येत नाहीं, तशी खूणही येत नाहीं. म्हणून यंत्रास थोडी सूट ठेवावी लागते. सूट फार ठेवली तर परका आंत शिरतो. अगदीं कमी ठेवली तर मालकच दाराबाहेर राहतो.

आतां धोक्याची गोष्ट. २०२० सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं ५११ जणांच्या डोक्याच्या व हातांच्या हालचाली टिपल्या. दर माणशीं पांच मिनिटांहूनही कमी नोंदीवर शिकविलेल्या संगणकानें शेंकडा ९५ जण बरोबर ओळखले. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासांत ५५,००० हून अधिक खेळाडूंच्या जुन्या नोंदी हाताशीं होत्या. तेथें केवळ १०० सेकंदांच्या नव्या हालचालींवरून शेंकडा ९४ वेळां माणूस ओळखतां आला. म्हणजे जी ढब आपलें कुलूप राखते, तीच आपण प्रत्येक खेळांत नकळत उधळीत असतों. परवलीचा शब्द फुटला तर उद्यां बदलतां येतो. हाताची ढब कशी बदलणार?

याचा अर्थ ही विद्या टाकाऊ आहे असा नव्हे. खूण साधी नसावी, ती भिंतीकडे तोंड करून व हात छातीजवळ धरून करावी, आणि मोलाच्या ठेवीस तिच्या जोडीला दुसरीही ओळख असावी. आईबापांनीं मुलांच्या हातीं असा खेळ देण्यापूर्वीं एक प्रश्न अवश्य विचारावा: या हालचालींची नोंद कोठें जाते, व ती कोण ठेवतो? बैलाच्या सौद्यांत रुमाल कोणीं व कोठें टाकावा हें अडाणी म्हणविणाऱ्या शेतकऱ्यासही ठाऊक होतें. नव्या बाजारांत शिरतांना आपणही आपला रुमाल बरोबर न्यावा, हें बरें.