माथेरान : नाम आणि निसर्ग

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या दक्षिणेस मलंगगड, नवरा-नवरीचे सुळके, चंदेरी, नाखिंड अशी शिखरांची एक रांग दिसते. सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून अलग पडलेली ही रांग दक्षिणेस माथेरानच्या पठारास जाऊन भिडते. या प्रदेशाची स्थलनामे बहुधा वर्णनात्मक आहेत. नाखिंडच्या कड्यास आरपार भोक आहे. त्यास 'नेढे' म्हणतात, आणि हाच शब्द सुईच्या छिद्रासही आहे.

'माथेरान' हे नामही असेच अन्वर्थक होय. आकारान्त पुल्लिंगी नाम समासाच्या पूर्वपदी आले की ते पुष्कळदा एकारान्त होते. 'घोडेस्वार', 'माथेफिरू' ही त्याची परिचित उदाहरणे. 'रान' हा शब्द संस्कृत 'अरण्य' यापासून आद्य स्वराचा लोप होऊन सिद्ध झाला आहे. तेव्हा 'माथेरान' म्हणजे माथ्यावरील रान.

आता, रान उतारावरही असता नावात माथ्याचाच उल्लेख का, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर भूरचनेत आहे. डोंगराचे अंग काळ्या पाषाणाचे आहे. माथ्यावर मात्र जांभ्या दगडाचा थर व तांबडी माती आहे. सुमारे ८०० मीटर उंचीवर पावसाळ्यात धुके दाटून राहते. त्यामुळे उतारावर साग, ऐन यांसारखी पानझडी झाडे, तर माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांची सदाहरित छाया, असा भेद पडतो. नाम देणाऱ्यांनी हाच भेद नेमका टिपला आहे.

या छायेत शेकरू, वानर, शीळ घालणारा कस्तूर यांचा वास आहे. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो क्वचितच भूमीवर उतरतो. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेतो. म्हणून त्यास केवळ झाडे असून भागत नाही. फांदीस फांदी लागलेली असावी लागते. रस्त्यासाठी वा इमारतीसाठी पडलेले एक खिंडारही त्याचा मार्ग तोडू शकते.

१८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट येथे आले व पुढे येथे गिरिस्थान वसले. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली. खासगी मोटारी मात्र दस्तुरी नाक्यापुढे जात नाहीत. २००३ साली केंद्र शासनाने माथेरान व भोवतालचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. केवळ माथ्यास नव्हे, भोवतालासही संरक्षण देणे, हे या निर्णयाचे मर्म होय.

त्याचा संबंध खालील शहरांशीही आहे. माथेरानच्या पूर्व कड्यावरील ओहोळ नेरळकडे उतरून उल्हास नदीस मिळतात, आणि बदलापूरपासून खालच्या वस्त्या याच नदीचे पाणी पितात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हासच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती. उतारावरील रान पावसाचा वेग आवरते, माती धरून ठेवते. ते नाहीसे झाले, तर माथ्यावरचे रान बेटासारखे एकाकी पडेल, आणि नामातील सूक्ष्म भेद दर्शविण्यास दुसरे रानच उरणार नाही.