गाडीतल्या खरखरीचा माग

बावनदीचा पूल ओलांडून गाडी निवळी घाट चढू लागते, गिअर खाली येतो, इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाण्यामागची बारीक शिट्टीही त्यांच्याबरोबर वर चढते. असे झाले की निम्मे निदान झालेच. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी अल्टरनेटरची. गॅरेजात त्याला अजून डायनामोच म्हणतात.

अल्टरनेटर तीन फेजची उलटसुलट वीज तयार करतो आणि सहा डायोड ती एका दिशेला वळवतात. तरीही ती बॅटरीतल्या विजेइतकी सपाट होत नाही, तिच्यावर लहरी उरतात. सहा ध्रुवजोड्यांच्या अल्टरनेटरात दर फेऱ्याला अशा ३६ लहरी उठतात. इंजिन ८०० फेऱ्यांवर नुसते चालू असेल आणि पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीचपट फिरत असेल, तर सेकंदाला १२०० लहरी होतात. घाटात २४०० फेऱ्यांवर हा सूर ३६०० पर्यंत जातो. आपला कान नेमका याच पट्ट्यात सर्वांत तिखट असतो, म्हणून एवढीशी गळतीही छळते.

टकटक ही वेगळी जात. पेट्रोल इंजिनात प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपण केंद्रच. १८८०च्या दशकात हर्ट्‌झने रेडिओलहरी पहिल्यांदा पकडल्या त्या ठिणगीपासूनच. १९३० साली शिकागोत पॉल गॅल्विन यांनी मोटारीत रेडिओ बसवला, तेव्हा या ठिणग्यांनी त्यांच्या माणसांना जेरीला आणले होते. त्या चमूतला तरुण एल्मर वेव्हरिंग पुढे गॅल्विन यांच्याच मोटोरोलात गाडीच्या अल्टरनेटरच्या विकासातही होता. म्हणजे खरखरीच्या दोन्ही घराण्यांशी एकाच माणसाचा संबंध आला! आज प्लगमध्ये काही हजार ओहमचा रोध असतो, त्यामुळे टकटक पुष्कळ कमी झाली आहे. डिझेल गाडीला तर प्लगची ठिणगीच नाही. तिथे टकटक ऐकू आली तर वायपर, पंखा, इंधनाचा पंप, इंजेक्टर यांच्याकडे पाहावे.

आता रत्नागिरीचा मुद्दा. मिरकरवाडा, मांडवीच्या बाजूला समुद्राची खारी हवा, त्यावर सालाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस. बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर धरतो, बॉडीला आवळलेल्या अर्थच्या बोल्टाखाली गंज शिरतो. गाडीत परतीची तार वेगळी नसते, सगळी वीज पत्र्यातूनच बॅटरीकडे परतते. अर्थ कच्चा झाला की डेक आणि डिकीतला अँप यांच्या ‘शून्या’त फरक पडतो. मग त्या दोघांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या जाळीतून नको ती वीज वाहू लागते आणि अँप तिलाच गाणे समजून मोठी करतो. माझे स्पष्ट मत आहे की किनाऱ्यावरच्या गाडीत डेक बदलण्याआधी अर्थची काळी वायर उघडून पाहिलीच पाहिजे. डेक, अँप, स्पीकर एकामागून एक बदलून शिट्टी जशीच्या तशी, हा खर्च फार लोकांनी उगाच सोसला आहे.

शोधाला क्रम हवा. आधी इंजिन बंद ठेवून डेक लावावा. तेव्हाही खरखर असेल तर अल्टरनेटर सुटला. मग इंजिन चालू करून व्हॉल्यूम कमी करावा. आवाज त्याबरोबर घटला तर घाण व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे अँटेना, ऑक्स किंवा फोनच्या वाटेने शिरते आहे. घटला नाही तर ती नंतरची. अशा वेळी अँप बंद करून त्याला लागलेल्या ऑडिओ केबलच्या आरसीए पिना काढाव्यात आणि पुन्हा चालू करावा. शांतता झाली तर केबल किंवा अर्थ, नाही तर अँपची स्वतःची वीज. शेवटी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी अँपच्या अर्थवर धरावी. इंजिन, हेडलाइट, पंखा, सगळे चालू हवे. तिथे ०.१ व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थ दुरुस्त करायचा: रंग खरवडून लखलखीत पत्रा काढायचा, जाड आणि आखूड वायर घट्ट आवळायची, वर ग्रीस लावायचे. बॅटरीवर एसी व्होल्ट मोजून आकडा मोठा आला तर डायोड गेलेला असू शकतो, आणि तो आज ना उद्या बॅटरीही मारतो.

रेडिओचे दुखणे निराळे. ज्यांनी मध्यम लहरींवर ११४३ किलोहर्ट्‌झला आकाशवाणी रत्नागिरी ऐकले आहे, त्यांना एका स्वस्त मोबाइल चार्जरने केंद्र कसे बुडते ते ठाऊक आहे. असा चार्जर सेकंदाला लाखाच्या घरात चालू-बंद होतो आणि त्याच्या पटी वरपर्यंत जातात. १२७ किलोहर्ट्‌झची नववी पट नेमकी ११४३! डॅशकॅम, बाजारू एलईडी हेडलाइट यांचाही हाच उपद्रव. एकेक उपसून पाहणे हाच उपाय. गाडी विजेच्या तारांखाली गेल्यावरच खरखर वाढत असेल तर गाडीला दोष देऊ नये. कोकण रेल्वेचा मार्गही २०२२ पासून पूर्ण विद्युतीकृत आहे, त्याच्या डोक्यावर २५ हजार व्होल्ट असतात.

कारखान्यातून निघणाऱ्या गाडीची या बाबतीत कसून परीक्षा होते. रेडिओच्या उपद्रवासाठी सिस्प्र ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ पासून आहे, आणि आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेत वाहनांच्या अशा चाचण्या होतात. मात्र आपण नंतर जोडलेला चार्जर, अँप, जादा दिवा त्या परीक्षेला बसलेला नसतो.

दुकानात पहिल्यांदा पुढे केला जातो तो फिल्टर. तो वाईट नाही. डेकच्या लाल वायरीवरून शिट्टी येत असेल तर तो कामाचा, आणि दोन अर्थच्या फेऱ्यात अडकलेल्या केबलला आयसोलेटर कामाचा. पण आयसोलेटरातल्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरने खर्ज पातळ होतो. ढोलकी, पखवाज ऐकणाऱ्याला तो फरक लगेच कळेल. म्हणून गंजलेल्या बोल्टवर तो लावू नये. बोल्ट साफ करायला पॉलिश पेपर आणि दहाचा पाना पुरतो, आणि हे काम मिरगाच्या आधी उरकलेले बरे.