फुकटची ड्रायव्हिंग स्कूल नव्हे!

मेलबर्नच्या मराठी घरांत चार माणसं जेवायला जमली की हे वाक्य कुणीतरी टाकतंच: ‘आपल्या टॅक्समधून दुसऱ्यांच्या पोरांना फुकट गाडी शिकवतात.’ रोख असतो व्हिक्टोरिया राज्यातल्या ‘एलटूपी’ योजनेवर. मी तिथे स्वयंसेवक मार्गदर्शक आहे. दर आठवड्याला एका शिकाऊ मुलीच्या शेजारी बसतो. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही.

गैरसमज : हा करदात्यांच्या पैशांवरचा दानधर्म आहे.

वस्तुस्थिती : आधी नियम पाहा. 21 वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला ‘पी’ पाटी (एकट्याने गाडी चालवण्याचा पहिला, नवशिक्याचा परवाना) मिळवायची तर 120 तास गाडी चालवल्याची नोंद दाखवावी लागते, त्यातले 20 तास रात्रीचे. शेजारी पूर्ण परवान्याचा चालक हवाच. आता ज्या घरात आईला गाडी येत नाही, वडील शिफ्टवर आणि एकुलती गाडी त्यांच्यासोबत, त्या घरातल्या मुलीने हे तास कुठून आणायचे? ‘मोठा भाऊ आहे ना!’ असं लोक पटकन म्हणतात. पण भाऊच ‘पी’ पाटीवर असेल तर त्याला शेजारी बसून शिकवता येत नाही, आणि आधी लाल, मग हिरवी मिळून ती पाटी चार वर्षं राहते. प्रशिक्षकाकडे तासाला 70 डॉलर धरले तरी 120 तासांचे 8,400 डॉलर होतात. नियम सगळ्यांना सारखा, पण तो पाळण्याची सोय सगळ्यांकडे सारखी नाही. एलटूपी नेमकी ही दरी भरते.

आता पैसा. तो टीएसी, म्हणजे राज्याच्या वाहन अपघात आयोगाकडून येतो. गाडीच्या रजिस्ट्रेशनबरोबर आपण जो सक्तीचा ‘टीएसी चार्ज’ भरतो, तो याच आयोगाकडे जातो. चूक कुणाचीही असो, रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्यांचा उपचारखर्च हाच आयोग उचलतो, गंभीर जखमींची वर्षानुवर्षांची शुश्रूषाही. नव्या चालकाला सगळ्यात मोठा धोका असतो तो ‘पी’ पाटी लागून एकट्याने गाडी काढल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. अपघाताचं बिल ज्याच्या नावावर येणार, त्याने आधी सरावावर खर्च करावा, याला दानधर्म म्हणत नाहीत. आणि सर्वांत महागडी गोष्ट, म्हणजे माणसाचा वेळ, तर या योजनेला फुकट मिळते. निधी लागतो तो समन्वयकाचा पगार, गाडी, विमा, पेट्रोल आणि प्रशिक्षकाच्या मोजक्या तासांसाठी. समन्वयकाच्या पगाराला कात्री लावली, तर मुलं आणि मार्गदर्शक दोन्ही असूनही त्यांची गाठ घालून देणारं कुणी उरत नाही.

गैरसमज : 120 तास म्हणजे अतिरेक. ‘आम्ही पुण्यात महिन्याभरात लायसन्स काढलं!’

वस्तुस्थिती : भारतात लर्निंग लायसन्सनंतर 30 दिवसांनी टेस्ट देता येते, हे खरं. पण परवाना मिळणं आणि रस्ता वाचता येणं वेगळं. स्वीडनने 1993 मध्ये सरावाचं किमान वय साडेसतरावरून 16 केलं. ज्यांनी त्याचा फायदा घेतला त्यांचा सराव सरासरी 120 तासांच्या आसपास गेला. ग्रेगरसेन आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या अभ्यासात, कौटुंबिक पार्श्वभूमीचा फरक वजा करूनही, त्यांचा अपघाताचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळला.

थोडक्यात आणखी काही :

- *मार्गदर्शकाला मानधन मिळतं.* नाही. उलट पोलिस तपासणी आणि मुलांसोबत काम करण्याची परवानगी घ्यावी लागते, प्रशिक्षणही.
- *या मुलांना परवाना सोपा पडतो.* परीक्षा तीच, निकष तेच.
- *ही योजना फक्त निर्वासितांसाठी आहे.* 16 ते 20 वयाच्या ज्या शिकाऊ चालकाकडे गाडी किंवा सोबत बसणारं माणूस नाही, तो कुणीही अर्ज करू शकतो. आपल्या मराठी घरांतली मुलंही.

गेल्या हिवाळ्यात पावसात, रात्री, माझी शिकाऊ मुलगी पहिल्यांदा फ्रीवेवर शिरली. वेग जुळवायचा, आरसा बघायचा, मान वळवून बाजूची लेन तपासायची, सगळं चार सेकंदांत. स्टिअरिंगवर तिची बोटं पांढरी पडली होती. मी एवढंच म्हणालो, ‘जागा आहे, जा.’ घरी पोचल्यावर तिने लॉगबुकात ओडोमीटरचा आकडा लिहिला, मी सही केली. रात्रीच्या 20 तासांपैकी एक तास संपला. पुढे ती अशाच पावसात एकटी असेल, तेव्हा शेजारची सीट रिकामी असेल. तोवर हा तास तिच्या हातात मुरलेला असावा, एवढ्यासाठी हा निधी आहे.