फौजेतलं गॅदरिंग

फौज म्हटलं की आपल्याला काय आठवतं? रायफल, बूट, परेड. पण गाणी म्हणणं, नकला करणं आणि स्त्रीपार्ट करून जवानांना हसवणं हीच ज्यांची ड्यूटी होती, असे लोकही ब्रिटिश फौजेत होते. खोटं वाटेल, पण खरं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९३९ मध्ये, जवानांच्या करमणुकीसाठी 'एन्सा' नावाची संस्था निघाली. तिच्या कार्यक्रमांची ख्याती अशी, की जवानांनी त्या आद्याक्षरांचा अर्थच 'रोज रात्री काहीतरी भयंकर' असा लावला! युद्धानंतर हे काम दुसऱ्या एका लष्करी पथकाकडे गेलं. पीटर निकोल्स नावाचा तरुण हवाई दलातर्फे आधी कलकत्त्याला आणि मग सिंगापूरच्या या पथकात होता. पुढे नाटककार झाल्यावर त्याने त्याच दिवसांवर 'प्रायव्हेट्स ऑन परेड' लिहिलं. १९७७ मध्ये लंडनला रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते रंगमंचावर आणलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा सिनेमा झाला. दिग्दर्शक तोच, मायकेल ब्लेकमोर, आणि पटकथा खुद्द निकोल्सची.

गोष्ट १९४८ च्या सुमाराची, मलायातली. तिथे कम्युनिस्ट बंडखोरांशी ब्रिटिशांची लढाई पेटलेली. मेजर फ्लॅक (जॉन क्लीज) देवभक्त आणि कडक, पण आपल्या पथकात काय चाललंय याचा साहेबांना पत्ताच नाही. शो बसवणारा कॅप्टन टेरी डेनिस (डेनिस क्विली) समलिंगी. तो झगे घालून नट्यांच्या नकला करतो आणि सगळ्या पुरुषांना बायकांच्या नावाने हाक मारतो. मेजर ही वरात जंगलात नेतो, तिथे खऱ्या गोळ्या सुटतात आणि हसणं घशात अडकतं.

नाटकाचा सिनेमा करताना काय हरवतं, हे मला इथे नीट कळलं. नाटकात टेरी पुढे येऊन थेट प्रेक्षकांसाठी गातो. म्हणजे थिएटरात बसलेले आपणच जवान! आपण हसतो, टाळ्या देतो आणि पुढच्याच प्रवेशात मरण समोर आलं की आपल्यालाच अपराधी वाटतं. सिनेमात मात्र कॅमेरा समोर बसलेले जवान दाखवतो. दुसरे लोक हसताहेत आणि आपण ते बघतोय, असं होतं. त्यात जंगल खरंखुरं दिसायला लागलं की प्रहसन आणि मृत्यू यांचा सांधा खटकतो. एवढं असूनही सिनेमा बघावा, तो क्विलीसाठी. नाटकातही ही भूमिका त्यानेच केली होती.

असल्या फौजी नाटकमंडळींशी आपलंही एक नातं आहे, बरं का. बीबीसीची 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही मालिका (१९७४ ते १९८१) अशाच एका पार्टीवर होती आणि तिची सुरुवात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत होते. तिच्या दोन लेखकांपैकी जिमी पेरी स्वतः देवळालीच्या पार्टीत होता. इंग्रजीत डोकं फिरलेल्याला 'डूलॅली' म्हणतात, तो शब्दही या देवळालीवरूनच आलाय!

आता मुद्द्याचं. आपल्याकडे बालगंधर्व शालू नेसून आले की लोक भान हरपून बघत. आपल्या गॅदरिंगला मात्र पोरगा साडी नेसून आला की शिट्ट्या ठरलेल्या. तो चालला तरी हशा, बोलला तरी हशा. टेरीलाही लोक आधी असेच हसतात. पण तो काळ बघा. त्याचं प्रेम तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हा होतं. इंग्लंडमध्ये तो कायदा १९६७ ला सैल झाला, फौजेतली बंदी २००० साली उठली आणि आपल्याकडे निकाल लागला २०१८ मध्ये. म्हणजे टेरीचे विनोद ही त्याची ढाल आहे. आणि गंमत म्हणजे सगळ्या पथकात पोरांची खरी काळजी घेणारा, आपलं काम चोख जाणणारा माणूसही तोच. बावळट दिसतो तो मेजर.

माझं म्हणणं एवढंच, की स्किट बसवताना साडी जरूर नेसवा. फक्त लोक साडीला हसणार की साडीतल्या माणसाच्या हजरजबाबीपणाला, हे आधी ठरवा. आपल्याच विंगमधला एखादा टेरी प्रेक्षकांत गप्प बसलेला असू शकतो.