सातबाऱ्यात न मावणारं गाव

वरोऱ्याहून येताना पाटाळ्याचा पूल ओलांडला की वर्धा नदी मागे पडते आणि वणी तालुका लागतो. आज ही नुसती जिल्ह्याची हद्द आहे, पण इंग्रजी अमदानीत नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे कारभार होते. पूर्वेला मध्य प्रांत आणि मालगुजारांची गावं. पश्चिमेला १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं वऱ्हाड. तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली आणि कास्तकाराचं नाव थेट सरकारी दप्तरात चढलं. ओसाड जमिनी वसवण्यासाठी इजारे दिले गेले तेही याच भागात जास्त. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांच्या नावाला ‘इजारा’ अजून चिकटलेला आहे. १९०५ पर्यंत तर हा अख्खा जिल्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई, कचेरी मात्र यवतमाळला असे.

या तालुक्यातलं गाव ही एक संस्था आहे असं मी मानतो. तिला घटना नाही, सभासदांची यादी नाही, पण नियम आहेत, पाळणारे लोक आहेत आणि हद्द आहे. ग्रामपंचायत म्हणजे ही संस्था नव्हे. पंचायत कायद्याने आली आणि कायद्याने बदलते. गाव तिच्याआधीचं आहे.

इंग्लंडमधल्या खेड्यात हे काम पॅरिश करते. एक चर्च, भोवती दफनभूमी, ठरलेली हद्द आणि १५३८ च्या हुकुमापासून ठेवलेली बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही. नकाशे सर्रास नव्हते तेव्हा तिथले लोक वर्षातून एकदा, ईस्टरनंतरच्या आठवड्यांत, पाद्र्याला घेऊन हद्दीवरून चालत. काठ्यांनी हद्दीचे दगड ठोकत. पोरांना मुद्दाम सोबत नेत, म्हणजे पुढची साठ-सत्तर वर्षं खूण सांगणारं कोणी तरी गावात उरेल. काही पॅरिशांत ही फेरी अजून निघते.

वणीकडे हद्द राखण्याच्या रीती निराळ्या आहेत, पण त्यामागची काळजी तीच. श्रावण अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात, दुसऱ्या दिवशी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली पोळा भरतो, झडत्या होतात, बैल घरोघर फिरतात आणि नेणाऱ्याच्या हातावर बोजारा पडतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या पाडव्याच्या पहाटे, दारात ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या उचलून गावाच्या शिवेबाहेर नेतात. रोगराई शिवेपलीकडे टाकून यायची तर शीव कुठे आहे हे पोरासोरांनाही माहीत असावं लागतं, आणि ते असतं.

शिवेची सगळ्यात जुनी जाणकारी कोलामांची आहे. वणी, मारेगाव, झरी-जामणीच्या बाजूला त्यांच्या लहान वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. पोडाच्या मध्यावर चावडी, कारभाराला नाईक, आणि घरात कोलामी, जी मराठीच्या नव्हे तर तेलुगू-गोंडीच्या कुळातली. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत त्यांतली कोलाम ही एक. दक्षिणेला आदिलाबादच्या डोंगरांत काम केलेल्या फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय की तिथले गोंड कोलामांना पुजारीच म्हणत. जमिनीच्या देवाला राजी करायचं तर त्या जमिनीवर आधी आलेला माणूस हवा, असा त्यामागचा विचार. पावसाळ्यात पोडांवर गाव बांधतात, म्हणजे रोगराईला वाट बंद करतात. हद्दीला इतकं जिवंत मानणारे शेजारी लाभले हे वणीच्या गावांचं मोठं भाग्य आहे.

शिवेच्या आत मग गावाचा पसारा. गावठाण, त्यातला मारुतीचा पार, बाहेरच्या कडेला मातामाय देवीचं ठाणं, नाल्याकाठी स्मशान. गावठाणातून वावरांकडे जाणारी पांदण, दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळी, पावसाळ्यात बंडीचं चाक तुंब्यापर्यंत रुतेल असा चिखल. वावरा-वावरामधला धुरा, ज्यावर तुरीच्या ओळीइतकाच भांडणालाही जोर येतो. कुठे तरी एखादं रीठ, म्हणजे कधीकाळी वस्ती होती, आता नाही, पण दप्तरात गाव म्हणून नाव कायम. या सगळ्यात कपाशी, तूर, सोयाबीन. गुढीपाडव्याला सालदाराचं साल ठरतं, मृगानंतर पेरण, मग डवरे, निंदण, आणि दिवाळीच्या सुमारास पहिल्या वेचणीआधी बाया शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादही.

पॅरिशच्या वहीचं काम इथे कोतवालाने केलं. विदर्भातला कोतवाल गावचा चाकर. त्याच्या जन्म-मृत्यूच्या पुस्तकाची नक्कल, गाव नमुना १४, आजही जातीच्या दाखल्यासाठी तहसिलीत शोधली जाते. ज्यांच्याकडे एकरभर जमीन नव्हती, सातबाऱ्यावर ज्यांचं नाव कधीच लागलं नाही, त्यांच्या आजोबा-पणजोबांचं अस्तित्व या एकाच पुस्तकात सापडतं. गावातल्या दप्तरांत मला हे सर्वांत न्याय्य वाटतं.

चर्चची घंटा नाही, पण सांजवेळ आहे. तुकडोजी महाराजांनी १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ दिली आणि गुरुदेव सेवा मंडळांनी वऱ्हाडातल्या गावोगाव सामुदायिक प्रार्थना रुजवली. वणीकडच्या खेड्यांत दिवेलागणीला चटईवर बसलेले म्हातारे, मागे शाळकरी पोरं, आणि भजन असेल तर खंजिरी, हे अजून दिसतं. कोणत्याही जातीच्या माणसाने येऊन बसावं अशी गावातली जागा तिथे तयार झाली. ती पूर्वी फारशी नव्हती, हेही खरं आहे. जुन्या गावाबद्दल बोलताना कोणाला विहिरीवर चढू दिलं जात नसे हे वगळलं तर ते बोलणं खोटं ठरेल.

सामायिक वस्तूंसाठी झगडण्याचा वारसा मात्र वणीला आहे. लोकनायक बापूजी अणे इथेच २९ ऑगस्ट १८८० ला जन्मले. १९३० मध्ये गांधीजींनी मीठ उचललं, पण वऱ्हाडाला समुद्र कुठला? इथल्या माणसाला रोज नडत होता तो जंगल कायदा. अण्यांनी १० जुलै १९३० ला पुसदजवळ राखीव रानातलं गवत कापलं आणि तुरुंगात गेले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी त्यातून बाहेर पडले, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. या सगळ्या पदांपेक्षा मला तो गवताचा भारा मोलाचा वाटतो. कोणाच्याच नावावर नसलेल्या रानावर गावाचा हक्क असतो, हे त्यांनी विळ्याने सांगितलं.

आता जमिनीखालचं. यवतमाळ जिल्हा बहुतेक काळ्या बेसाल्टचा, पण वणीच्या पोटात वेगळं भांडार आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातला फार पुरातन चुनखडक इथे वर येतो. राजूरच्या चुनाभट्ट्या त्यावरच पेटल्या. कायरला कोमट पाण्याचे झरे आहेत. आणि वर्धेच्या काठाने गोंडवन खडकांचा पट्टा, त्यात कोळसा. राजूरला इंग्रजांच्या काळापासून कोळसा निघतो. राष्ट्रीयीकरणानंतर, १९७५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सने इथे मोठ्या खुल्या खाणी काढल्या.

उकणी, निलजई, जुनाड, कोलारपिंपरी, पिंपळगाव, मुंगोली, घोन्सा. ही गावांची नावं. वणीच्या बाहेर कोणाला ती ठाऊक असतील तर खाणी म्हणून. खुल्या खाणीत कोळशावरची माती आणि खडक आधी उचलून बाजूला रचावा लागतो. सपाट शिवारात त्या ढिगाऱ्यांचे डोंगर उभे राहिले. पाऊस पडला की त्यांची माती नाल्यात उतरते, धुरे आणि पांदणी कुठे होत्या ते सांगता येत नाही. ढिगाऱ्यांवर विलायती बाभूळ माजली, तिच्या आडोशाला रानडुकरं आली, त्यांच्या मागोमाग वाघ. जानेवारी २०२५ मध्ये उकणी खाणीच्या हद्दीत मेलेला वाघ सापडला, दात आणि नखं कोणी तरी काढून नेलेली. वेचणीला जाणाऱ्या बायांना ढिगाऱ्याकडच्या वावरात एकटीने जायची भीती वाटते.

कोळसा नको असं म्हणणारा कास्तकार या पट्ट्यात विरळा. कोल इंडियाच्या धोरणाप्रमाणे खाणीत गेलेल्या दोन एकरांमागे एक नोकरी मिळते. कपाशीने पिढ्यानपिढ्या जे दिलं नाही ते एका पगाराने दिलं. २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. शेतीच्या अशा रूपाकडे परत जा असं कोणी कोणाला सांगू नये. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा हिशेब निदान मांडला तरी जातो. सालदाराचा, कोलामाचा, वेचणीवर जगणाऱ्या बाईचा हिशेब कशात धरायचा? आणि पार, पांदण, स्मशान, मातामाय, नदीवर उतरायची वाट यांचा?

खाणीसाठी गाव उठलं की मिळणाऱ्या नव्या वसाहतीत रस्ते सरळ असतात, नळ असतो, समाजमंदिरही बांधून मिळतं. पण पुनर्वसित गावाला शीव नसते. भोवतीची जमीन दुसऱ्याच गावाची. पाडव्याच्या पहाटे पळसाच्या डहाळ्या कुठे नेऊन टाकायच्या हा तिथे खरा प्रश्न असतो.

हे गाव हातातून कसं निसटतं, ते कायद्यातच आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली कलम ४ ने शोध सुरू होतो, कलम ७ ने संपादनाचा इरादा जाहीर होतो, कलम ९ ने संपादन. हरकतीसाठी कलम ७ नंतर ३० दिवस. हरकत घेऊ शकतो तो ‘हितसंबंधित’, आणि हितसंबंधित कोण, तर ज्याला भरपाई मागण्याचा हक्क आहे तो. पांदण, पार, मातामाय यांच्यासाठी भरपाई मागणारा मालकच नसल्यामुळे त्यांच्या बाजूने हरकत घेणाराही कायद्याला दिसत नाही. स्वामित्व योजनेच्या ड्रोनने २०२० पासून मोजणी सुरू केली, पण तीही गावठाणातल्या घरांची.

एक वही मात्र गावाच्या हातात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. झाडं, पाणवठे, चराई, औषधी, त्यांच्याशी जोडलेल्या रीती, सगळं तीत लिहिता येतं. ठिकठिकाणी ती कंत्राटाने, एकासारखी एक भरून घेतली जाते. ती गावाने भरावी. कोलामाच्या म्हाताऱ्याला, गुराख्याला, वेचणीवाल्या बायांना घेऊन शिवेवरून चालावं, शाळेतली पोरं सोबत न्यावीत, प्रत्येक खुणेचं नाव, जागा आणि ती कोण वापरतं ते लिहावं, आणि ग्रामसभेच्या ठरावात जोडावं. वणी तालुक्यात ज्या गावांखाली कोळसा आहे पण कलम ७ अजून लागलेलं नाही, तिथे हे काम येत्या पोळ्याआधी सुरू व्हायला हवं.