पीक का सुकले?

ज्वारी गुडघ्याएवढी झाली. श्रावणात पावसाने ओढ दिली. शेतात मधेच एक पट्टा पिवळा पडला. आपण म्हणतो, "पाऊस नाही, म्हणून पीक सुकले." पण थांबा. एक ताट ओढून पाहा. सहज हाती आले? खाली मुळेच नाहीत? मग हे काम नुसत्या उन्हाचे नाही. हुमणीचे आहे.

हुमणी म्हणजे मातीतली पांढरी, जाड अळी. डोके तांबूस. हाती घ्या, अर्धचंद्रासारखी वाकते. ऊस, भुईमूग, कुरणातले गवत, हिला सगळेच चालते.

ती येते भुंगेऱ्यापासून. वळवाने जमीन भिजली, की भुंगेरे संध्याकाळी बाहेर निघतात. कडुनिंब, बाभूळ, बोर यांचा पाला खातात. पहाटे परत मातीत जातात. तिथेच मादी अंडी घालते. वळीव लवकर आला, तर भुंगेरेही लवकर निघतात. पुढे पाऊस नीट झाला, तर पिकाला नवी मुळे फुटतात, थोडे निभावते. पावसाने ताण दिला, की मुळे तुटलेले पीक तग धरत नाही.

म्हणून वळीव पडला, की त्याच संध्याकाळी विजेरी घेऊन निघा. झाडाच्या फांद्या हलवा. पडलेले भुंगेरे रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. असे चार-पाच दिवस करा. एकट्याने भागत नाही बरं का! शेजारच्या बांधावरचे भुंगेरे आपल्याकडे येतात. सारा गाव हवा. पोरांना तर ही मजाच वाटते.

पीक निघाल्यावर लगेच नांगरट करा. वर आलेल्या अळ्या कावळे, बगळे वेचून खातात.